केदारास, म्हणजे ‘थांबावंस’

आजचा भाग छोटा आहे, पण विषय असा की नाव ऐकूनच लोक स्पॅनिशचा क्लास सोडतात: इम्पर्फेक्ट सब्जंक्टिव्ह, तोही रिफ्लेक्सिव्ह क्रियापदांचा. मी पडलो कोड लिहिणारा माणूस, त्यामुळे आधी नियम, मग अर्थ.

भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या. ‘से लेवान्तारोन’, म्हणजे ते उठले. शेवटचा ‘रोन’ उडवा आणि रा, रास, रा, रामोस, रान लावा. पुढे ज्याचं त्याचं सर्वनाम: मे लेवान्तारा, ते लेवान्तारास, से लेवान्तारा, नोस लेवान्तारामोस, से लेवान्तारान. स्पेनमध्ये ‘ओस लेवान्ताराइस’ हे आणखी एक रूप आहे. या नियमाला अपवाद नाही. ‘पुसिएरोन’सारखं वाकडं रूप असलं तरी त्यातूनच ‘मे पुसिएरा’ निघतं. आज्ञा करताना सर्वनाम शेवटी चिकटतं, ‘लेवान्ताते’, म्हणजे ऊठ. इथे मात्र ते नेहमी क्रियापदाच्या आधी आणि सुटं.

आता अर्थ. ‘रिफ्लेक्सिव्ह म्हणजे स्वतःला’ हे पाठ केलं की गोंधळ होतो. आपण ‘मी स्वतःला उठवतो’ म्हणतो का? नाही. मराठीत मूळ ‘उठणे’, त्याला ‘व’ लावून ‘उठवणे’. स्पॅनिशमध्ये उलटं: मूळ ‘लेवान्तार’ म्हणजे उठवणे, त्याला ‘से’ लावलं की उठणे. ‘दोर्मिर’ झोपणे, ‘दोर्मिर्से’ झोप लागणे. ‘इर’ जाणे, ‘इर्से’ निघून जाणे. म्हणून ‘केरिया के फ्वेरा’ आणि ‘केरिया के से फ्वेरा’ यांत फरक आहे. पहिल्यात त्यानं कुठेतरी जावं अशी इच्छा होती. दुसऱ्यात त्यानं इथून निघून जावं अशी! एवढ्याशा ‘से’मुळे माणूस दुखावू शकतो.

आणि सब्जंक्टिव्ह? तो तर आपल्या घरातलाच. ‘मि मामा केरिया के मे केदारा.’ मामा म्हणजे इथे आई बरं का! आईची इच्छा होती, मी थांबावं. हे ‘थांबावं’ म्हणजेच ‘मे केदारा’. इच्छा आईची, थांबणारा मी, सर्वनाम थांबणाऱ्याचं.

‘सी’, म्हणजे ‘जर’, आलं की तेच रूप ‘थांबलो तर’ होतं: सी मे केदारा. ती निव्वळ कल्पना असते, प्रत्यक्षात थांबायचं ठरलेलं नसतं.

हे सगळं मला का हवं होतं, सांगतो. आमच्या टीममधला मेक्सिकोचा एक सहकारी नोकरी सोडून चाललाय. दोन वर्षं माझी रात्र आणि त्याची सकाळ एकाच कॉलवर गेली. इंग्रजीत ‘ऑल द बेस्ट’ सगळेच म्हणणार. मला म्हणायचंय, ‘ओखाला ते केदारास.’ तू थांबावंस असं फार वाटतं, पण थांबणार नाहीस हे माहीत आहे.

‘ओखाला ते केदेस’ म्हटलं, तर आशा अजून शिल्लक आहे असं वाटतं. ‘केदारास’मध्ये आशा जवळजवळ संपलेली असते, माया तेवढी उरते. शुक्रवारी त्याचा शेवटचा कॉल आहे. तुम्हीही एक वाक्य बनवा, मोठ्यानं म्हणा. भेटू पुढच्या भागात!