शेंगदाण्याच्या तेलातून शाळा

भुसावळजवळचं दीपनगर म्हटलं की वीजकेंद्राची धुरांडी डोळ्यांपुढे येतात. पण आज बोलायचंय ते तिथून पुढे सुरत लाइनीवरच्या अमळनेरबद्दल आणि दानाबद्दल. गावासाठी काही करायचं म्हटलं की आपल्याकडे आधी खोली बांधली जाते. शाळेची असो, दवाखान्याची असो, दारावर संगमरवरी पाटी लागते. खोलीचा खर्च एकदाच होतो. शिक्षकाचा पगार, नर्सबाईंचा पगार, औषधं, खडू हे मात्र दर महिन्याला लागतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दान द्यायचं तर कमाई करणारी वस्तूच देऊन टाकावी.

अमळनेरला हे दोन तऱ्हांनी दिसतं. प्रताप शेठ गिरणीमालक. त्यांनी १९१६ च्या सुमारास तत्त्वज्ञान मंदिर काढलं. प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी शिकवत आणि वसतिगृहातली मुलं सांभाळत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. १९४५ मध्ये त्यांच्याच नावाचं प्रताप कॉलेज निघालं. गंमत अशी, की त्याच वर्षी महंमद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना घातला, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. शेंगदाणा खानदेशचा, डबा ‘सनफ्लॉवर’चा, आणि धुण्याचा साबण ७८७! हीच पुढची विप्रो. आणि शेअर घेतले कुणी? मुंबईच्या सटोडियांनीच नव्हे, अमळनेरच्या साध्या घरांनीसुद्धा. बोनस शेअर मिळत गेले, कागद पेटीत पडून राहिले, आणि नातवंडांच्या हाती घबाड लागलं. हा तपशील मी कितीही वेळ सांगत बसेन, पण घड्याळाकडे बघायला हवं.

विप्रो संगणकाच्या धंद्यात उतरली, ती मधली वर्षं सोडून देऊ. महंमद प्रेमजींचे चिरंजीव अझीम प्रेमजींनी २००० च्या आसपास शिक्षणासाठी फाउंडेशन काढलं आणि २०१९ पर्यंत विप्रोच्या सुमारे ६७ टक्के शेअरांचं उत्पन्न त्याच्या नावे केलं. त्या वेळच्या भावानं ते जवळपास दीड लाख कोटी रुपयांचं दान. पुन्हा सांगतो, त्यांनी चेक नाही दिला, शेअरांची मिळकत दिली. म्हणून सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर वर्षानुवर्षं बसायला माणसं नेमता आली. कर्नाटकात सरकार मुलांना आठवड्यातून दोन दिवस अंडं देत होतं. उरलेल्या चार दिवसांचा भार फाउंडेशननं उचलला. अंड्यावर कुणाच्या नावाची पाटी लावता येत नाही.

बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचंही असंच. फझले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ती उभी केली. पुढे हस्तकलेची ‘आडोंग’ दुकानं, दूधडेअरी काढली आणि नफा कामात घातला. ऐंशीच्या दशकात ब्रॅकच्या बायका घरोघर जाऊन आयांना जुलाबावरचं पाणी शिकवत होत्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली. शिकवणारीचे पैसे आईला नंतर किती आठवतं त्यावर ठरत. इतक्या घरी पायी जायचं तर पायी जाणारीचा पगार वर्षानुवर्षं सुटला पाहिजे.

यावर कुणी म्हणेल, धंदा बुडाला तर? बुडतोच. प्रताप शेठांची मिल बंद पडली, कॉलेज राहिलं, कारण तोवर त्याला फी आणि सरकारी अनुदान होतं. म्हणजे एकाच फांदीवर सगळा भार टाकू नये, हे मान्य. दुसरा आक्षेप जास्त खरा: हे काम सरकारचं. असेल, आणि म्हणूनच मला सरकारी शाळेला पूरक दान बरं वाटतं, तिला पर्याय उभा करणारं नाही. तिसरा, की देणारा सगळं आपल्या मुठीत ठेवतो. हा धोका उरतोच. पूर्वी देणारा गावातच राहायचा, रस्त्यात अडवून विचारता यायचं. आता २०१३ च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचं बंधन आलं, पैसा वाढला, पण विचारायचं कुणाला ते कळत नाही. देणाऱ्याला विचारण्याची ही सोय हरवतेय, आणि तिची भरपाई मला दिसत नाही.

तरी एक वाट मोकळी आहे. जुने शेअर बाळगणाऱ्या एखाद्या अमळनेरकर घरानं त्यातले थोडे गावच्या शाळेसाठी ट्रस्टच्या नावे केले, विश्वस्तांत दोन पालक घेतले आणि हिशेब दरवर्षी जाहीर सभेत वाचला, तर एका शिक्षणसेविकेचं मानधन लाभांशातून सुटू शकेल.