गिरणगावाची वाढ मोजायची कशाने?



लालबाग-परळच्या आकाशात गिरण्यांच्या धुराड्यांची जागा आता मनोऱ्यांनी घेतली आहे. या मनोऱ्यांकडे बोट दाखवून मुंबईची प्रगती सांगण्याची रीत पडली आहे. किती चौरस फूट बांधकाम झाले आणि चौरस फुटाला काय भाव आला, हीच वाढीची परिमाणे ठरली. पण ज्या वस्तीची वाढ मोजायची, त्या वस्तीतील माणूस या हिशेबात कोठे आहे?

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांपैकी अकरावे शहरांविषयी आहे. त्यातील एक निर्देशांक असा : जमीन कोणत्या वेगाने बांधकामाखाली जाते आणि लोकसंख्या कोणत्या वेगाने वाढते, यांचे गुणोत्तर काढावे. लोकसंख्येपेक्षा जमीन वेगाने खर्ची पडत असेल, तर ते शहर उधळेपणाने वाढत आहे असे समजावे. चहूकडे पसरणाऱ्या शहरांना ही मोजपट्टी उपयोगी आहे. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंतच्या मुंबई शहर जिल्ह्याला मात्र ती पुरी पडत नाही. येथील जमीन पूर्वीच बांधली गेली आहे. लोकसंख्येचे म्हणाल, तर २००१ च्या जनगणनेत ती ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे उणी झाली, आणि त्याच दशकात गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे, मॉल व कचेऱ्या उभ्या राहत होत्या. मोठ्या घराच्या ओढीने अनेक कुटुंबे स्वखुशीने डोंबिवली-विरारला गेली, हेही खरे. तरीही बांधकाम वाढावे आणि माणसे घटावीत, ही वाढ कोणासाठी, असा प्रश्न उरतोच.

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ५८ गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीला कापडापेक्षा अधिक मोल आले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ ने ढोबळमानाने तीन वाटे केले : एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नागरिकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. एका व्याख्येतील बदलाने शेकडो एकरांचे भवितव्य पालटले. ज्यांच्या घामावर ती गिरणी उभी होती, त्यांचे घरांसाठीचे अर्ज दीड लाखांहून अधिक झाले, आणि त्यांच्यापुढे शेलू-वांगणीचा पर्याय ठेवला गेला.

मोकळ्या जागेचे मोल मुंबईला पूर्वी कळले नव्हते असे नाही. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. परक्या सरकारच्या त्या संस्थेने गिरगाव-मांडवीच्या दाटीवर उतारा म्हणून दादर-माटुंग्याची आखणी केली. १९२५ साली खुले झालेले शिवाजी पार्क हे त्याच काळाचे देणे. आज तेथे मुले क्रिकेट खेळतात, सभा होतात, वृद्ध कट्ट्यावर बसतात. या मैदानाचा भाव चौरस फुटात काढता येईल. त्याचे मूल्य काढता येणार नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? गिरण्यांच्या जागी कचेऱ्या आल्या, हजारो नोकरदार तेथे उतरू लागले, पण परळ आणि एल्फिन्स्टन रोड स्थानकांना जोडणारा पादचारी पूल अरुंदच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या पुलाच्या जिन्यावर २३ जणांचा चेंगरून मृत्यू झाला. बांधकामाला परवानगी देताना त्या जिन्याची रुंदी कोणाच्या हिशेबात होती? हिंदमाताला पावसाळ्यात पाणी तुंबते. ते साठवण्यासाठी पालिकेने प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. मैदाने शिल्लक होती, म्हणून टाक्यांना जागा मिळाली.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये याच मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानववाद मांडला. शरीर, मन, बुद्धी आणि आत्मा या चारही अंगांनी माणसाचा विचार व्हावा, हे त्याचे सूत्र. वस्तीलाही ते लागू आहे. घर हवे, तसे मैदान हवे. वाचनालय हवे, तसे देऊळ आणि उत्सवाचे अंगण हवे. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, तो अनेक बिऱ्हाडांना एकत्र बांधणाऱ्या अंगणामुळे. म्हणून चाळीतील हालअपेष्टांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचालय हे कोणाचे स्वप्न नव्हते. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच परिसरात ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली. माणूस न हलवता घर सुधारता येते, याचा हा दाखला आहे. पुढची कसोटी अशी, की देखभालीचा खर्च पेलून ही कुटुंबे तेथेच टिकतात की घरे विकून निघून जातात.

तेव्हा मोजपट्टी बदलायला हवी. पुनर्विकासाच्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी प्रत्येक चाळीने आणि सोसायटीने चार प्रश्न लेखी विचारावेत. जुन्या रहिवाशांपैकी किती जण दहा वर्षांनंतरही येथे राहू शकतील? माणशी मोकळी जागा वाढेल की घटेल? वाढीव पाणी, सांडपाणी आणि गर्दी कोणती जलवाहिनी, कोणता नाला, कोणता पूल पेलणार आहे? आणि मुलांना खेळायला, समाजाला एकत्र यायला जमिनीवर जागा कोठे आहे? उत्तरे आकड्यांत मागावीत आणि करारात लिहून घ्यावीत. अंत्योदयाचा विचार मानणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या वस्तीत हे काम हाती घ्यावे. करार वाचून दाखवणारा एक माणूस प्रत्येक चाळीत उभा राहिला, तरी गिरणगावातील पुष्कळ घरे वाचतील.