रुग्णालयांतील वृद्धांचें ताट



दुपारीं साडेबाराच्या सुमारास आपण कधीं रुग्णालयाच्या वॉर्डांत गेलां असाल, तर एक गोष्ट आपल्या दृष्टीस पडली असेल. जेवणाचीं ताटें खाटांजवळ ठेवलीं जातात व तासाभरानें उचललीं जातात. तरुण रोग्याचें ताट रिकामें परत जातें. कोपऱ्यांतील आजीबाईंचें मात्र जसेंच्या तसें जातें. त्यांचा ताप दिवसांतून चार वेळां लिहिला जातो, नाडी लिहिली जाते. परंतु त्या आज काय जेवल्या, हें बहुधा कोणी लिहीत नाहीं. या परत जाणाऱ्या ताटाविषयीं मी आज बोलणार आहें.

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा आणि तलावांचा. १ मे १९९९ रोजीं तो भंडाऱ्यापासून वेगळा झाला, आणि २०१६ सालीं गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालें. देवरी-सालेकशाच्या जंगलपट्टींतून वृद्ध माणसें उपचारासाठीं शहरांत येतात, तीं पुष्कळदां आधींच खंगलेलीं असतात. येथला मनुष्य भात खाणारा. दांत गेले, अंगांत कणकण आली, कीं घरचीं माणसें प्रेमानें पेज करून देतात. पेज पचनास हलकी, हें खरें. पण हिशेब पाहा. तीस ग्रॅम तांदुळांत प्रथिनें दोन ग्रॅमच्या आसपास. अशी पेज तीन वेळां घेतली तरी सहा-सात ग्रॅम होतात. चाळीस किलो वजनाच्या वृद्धेस आजारपणांत रोज निदान चाळीस ते साठ ग्रॅम प्रथिनें लागतात. उरलेलीं शरीर कोठून आणतें? आपल्याच मांड्यांतून आणि दंडांतून. म्हातारपणीं अन्न कमीच लागतें, असें आपण सर्रास म्हणतों. भूक कमी होते, हें कबूल. प्रथिनांची गरज मात्र उलट वाढते.

त्यांत खाटेची भर पडते. अमेरिकेंत निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणावर पडून ठेवून एक प्रयोग केला होता. त्याचें निवेदन २००७ सालीं प्रसिद्ध झालें. आजार नसतांना व रोजचें जेवण मिळत असतांना त्यांच्या पायांचें मांस जवळजवळ एक किलोनें घटलें. मग ताप आहे, अन्न जात नाहीं आणि कोणी उठवून बसवीत नाहीं, अशा रोग्याचें काय होत असेल! न्यूमोनिया बरा होतो, पण पायीं चालत आलेली बाई घरीं उचलून न्यावी लागते. वजन उतरणें, थकवा, हाताची पकड सैल होणें, चाल मंदावणें आणि हालचाल कमी होणें, या पांचांपैकीं तीन लक्षणें दिसलीं म्हणजे वैद्यकांत त्यास जराजन्य दौर्बल्य म्हणतात. तें आलें कीं पुढचें पडणें, पुढचा ताप, सर्वच जड जातें.

हा दोष एखाद्या गांवाचा किंवा देशाचा नव्हे. भरल्या घरांत रोगी उपाशी मरतात, अशी तक्रार फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८५९ च्या सुमारासच केली होती. १९७४ सालीं बटरवर्थ नांवाच्या अमेरिकन वैद्यानें आपल्याच व्यवसायबंधूंना फटकारलें, कीं रोग्याचें वजन लिहीत नाहीं आणि तपासणीसाठीं त्याला उपाशी ठेवतां. यावर उपाय आहे काय? आहे. स्वित्झर्लंडच्या आठ रुग्णालयांत दोन हजारांवर कुपोषित रोग्यांची पाहणी झाली. तिचा निष्कर्ष २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमींचें जेवण होतें. निम्म्यांच्या खाण्याकडे आहारतज्ज्ञांनीं एकेकाची गरज पाहून लक्ष दिलें. महिन्याभरांत पहिल्या गटांत शंभरांतले दहा दगावले, दुसऱ्यांत सात. औषधें दोहोंकडे चालूच होतीं.

ताट परत कां जातें, याचीं कारणें शोधूं गेल्यास फार साधीं निघतात. कवळी घरीं राहिलेली असते. मोतीबिंदूमुळें ताटांतलें दिसत नाहीं. ताट हाताच्या टप्प्याबाहेर असतें. रात्रीं शौचास नेण्याचा त्रास दुसऱ्यास होऊं नये म्हणून आजी मुद्दामच कमी खातात, पाणीही पीत नाहींत. माझ्या आत्याबाई आजारी होत्या तेव्हां आम्ही भावंडें पाळीपाळीनें डबा पोंचवीत असूं. डबा गेला म्हणजे जेवण झालें, असें प्रत्येकानें धरलें. त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकूं लागल्या, तेव्हां आम्हांस समजलें कीं डबे शेजारच्या खाटेवर जात होते. त्यांना एकटीनें जेवायचा कंटाळा येई, आणि तें सांगायचा संकोच.

तेव्हां डबा नेणारानें अर्धा तास तेथें बसावें. रोग्यास पाठ टेकवून ताठ बसवावें, म्हणजे घास श्वासनलिकेंत जात नाहीं. पेज बंद करूं नका. तींतच मुगाची डाळ शिजवा, वर तूप घाला. एका अंड्यांत सहा ग्रॅम प्रथिनें असतात, पेलाभर दुधांतही जवळपास तितकींच. तलावाच्या मासळीचे काटे काढून दिल्यास म्हाताऱ्या माणसासही ती चालते. फुटाण्याचें पीठ दुधांत कालवतां येतें. दोन मोठ्या जेवणांऐवजीं सहा वेळां थोडथोडें द्यावें, आणि डॉक्टरांची परवानगी मिळतांच खाटेजवळ उभें करावें. मात्र आठ-दहा दिवस पोटांत कांहींच गेलें नसेल तर एकदम भरपूर खाऊं घालणें घातक ठरतें. रक्तांतील क्षार अकस्मात् उतरून हृदय बंद पडूं शकतें. मूत्रपिंडाच्या रोग्याचें पथ्य तर वैद्यांना विचारूनच ठरवावें.

घरीं एक शिंप्याची टेप असूं द्या. पोटरीचा घेर एकतीस सेंटिमीटरांहून कमी भरला तर वृद्धाच्या खाण्याची चौकशी करण्याची वेळ आली. रुग्णालयांत शिरतांना वजन लिहवून घ्या, निघतांना पुन्हां लिहवून घ्या, आणि महिन्यानें तिसऱ्यांदा पाहा. गांवच्या उपकेंद्रांतला काटा बिघडला असेल तर धान मोजण्याचा काटाही चालेल; आमच्या भागांत त्याची वाण नाहीं.