चरबीची पिशवी आणि पिशवीतला थेंब

मी शिरवळहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी बघते.

२०२१ चा मे महिना आठवतो ना? कोरोनातून उठलेल्या माणसांना काळी बुरशी गाठत होती. आमच्या गटातल्या एका ताईंचे दीर त्यात सापडले. त्यांना साखरेचा आजार होताच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन’. ते कुठं मिळेना. कुणी म्हणालं, साधं ॲम्फोटेरिसिन घ्या, स्वस्त पडेल. ताईंनी मला फोन केला, “तुम्ही शिकलेल्या, फरक काय हो दोन्हींत?” मी बी.ए. झालेली, पण मला सांगता आलं नाही. गटातून कर्ज काढून महागडंच आणलं. दीर वाचले, एक डोळा मात्र गेला. त्या प्रश्नाचं उत्तर मी नंतर शोधलं. तेच आज सांगते.

भांडी घासताना साबण काय करतो? त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलकटाला. अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये अशाच स्वभावाची चरबी असते. ती पाण्यात गेली की तिचे कण पाण्याला भिणारी टोकं आत लपवतात आणि दुहेरी भिंतीची पोकळ पिशवी तयार होते. डोळ्यांना न दिसणारी. हीच लायपोसोम. इंग्लंडच्या ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात ती ओळखली. औषध या पिशवीच्या भिंतीत बसवतात. साधं ॲम्फोटेरिसिन मूत्रपिंडाला फार त्रास देतं, पिशवीतलं कमी देतं. दोन्हींत फरक होता तो हा. त्याच मे महिन्यात आपल्या वर्ध्यातही हे औषध बनू लागलं, पण ते बारीक स्निग्ध थेंबांत मिसळलेलं.

आता थेंबाची गंमत ऐका. आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी अशीच चरबीच्या भिंतीची पिशवी आहे. आत प्रथिनांची गर्दी. ती प्रथिनं आमटीवरच्या तेलासारखी एकत्र येऊन थेंब करतात. त्या थेंबांना स्वतःची भिंत नसते. २००९ मध्ये जर्मनीत एका बारीक कृमीच्या पेशींत हे थेंब एकमेकांत मिसळताना दिसले.

पण जिवंत पेशीत इतक्या गोष्टी चालू असतात की थेंब कशामुळं झाला ते कळत नाही. म्हणून शास्त्रज्ञ रिकामी पिशवी घेतात, हवं तेवढंच आत भरतात. अमेरिकेत क्रिस्टीन कीटिंग यांच्या गटानं २००२ मध्ये पिशवीत दोन पदार्थ पाण्यात विरघळवून भरले. ऊब होती तोवर दोन्ही एकजीव. गार केल्यावर दोन्ही वेगळे झाले, पिशवीच्या आत पाण्यात पाण्याचाच थेंब!

याचा उपयोग? मज्जातंतूंच्या काही आजारांशी जोडलेल्या प्रथिनांचे थेंब प्रयोगशाळेत हळूहळू घट्ट होताना दिसलेत. ते का घट्ट होतात, हे अशा पिशवीत एकेक गोष्ट बदलून तपासता येतं.

मैत्रिणींनो, चिठ्ठीवरचा शब्द कळला नाही तर डॉक्टरांना विचारा, “साधं आणि हे, फरक काय?” कर्ज आपण काढतो, फेडतोही आपणच. मग विचारायला लाजायचं कशाला?