नितळ पाण्यातले मासे

अतिस्वच्छतेनंही मासे मरतात, हे मला तीन गोल्डफिश गमावून कळलं. एका रविवारी मी टाकीतल्या फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज नळाखाली धरून अगदी पांढरा होईस्तोवर धुतला. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. पाणी मात्र नितळ!

त्या बुळबुळीतच जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य. नळाच्या क्लोरिनमिश्रित पाण्यानं मी ती वस्तीच उठवली होती.

आता टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात स्पंज दोन-तीनदा पिळतो, बस्स. दुकानदार दर महिन्याला नवा घ्या म्हणतो. त्याचंही पोट आहे. मी तो विरायला लागला तरच बदलतो, आणि तेव्हाही नवा स्पंज जुन्याशेजारी चार-सहा आठवडे ठेवतो. जिवाणूंना बिऱ्हाड हलवायला तेवढा वेळ लागतो.

आणि फिल्टर रात्री बंद करू नका. वाहत्या पाण्यातला प्राणवायू त्या जिवाणूंनाही लागतो. आमचा रात्रभर बुडबुडतो. मुक्कामाला आलेले पाहुणे कुरकुरतात.