परत यायला जमीन लागते
(खेड तालुक्यातील कातकरी वाडीवरच्या बैठकीत केलेले भाषण)

भावांनो, बायांनो,

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. त्यांत आपल्या रत्नागिरीचे कितीतरी. गावकीच्या खोलीत काही महिने काढले, खानावळीचे पैसे थकले, तसे एसटी धरून गावी आले.

का आले? गावाची ओढ असतेच, पण ओढीनं पोट भरत नाही. घरात नाचणी-वरी होती म्हणून आले. ती पिकवली कुणी? बाईनं. नवरा गिरणीत, आणि ही इकडं वर्षानुवर्षं राब भाजते, लावणी करते, म्हातारी माणसं सांभाळते. गिरणीमालकानं पगार दिला तो जणू एकट्या माणसाचा. बाळंतपण, आजारपण, म्हातारपण आणि आता संपातली उपासमार, हे सगळं गावच्या जमिनीनं आणि बाईच्या राबण्यानं सोसलं.

आता आपलं बघा. आपणही परत येतो. दिवाळीनंतर उचल घेऊन पोराबाळांसकट वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातो आणि मिरगाआधी वाडीवर येतो. पण चाकरमान्याला गावात निदान कुळाचा तुकडा तरी आहे. आपण कसतो तो डोंगर कागदावर जंगलखात्याचा, नाहीतर जुन्या खोताचा. खोती कायद्यानं गेली, सातबाऱ्यावरचं नाव गेलं नाही. म्हणून पावसात दाणे संपले की पुन्हा उचल, पुन्हा भट्टी. ज्याच्या घरात दाणा आहे तो मालकाला नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरात नाही, त्याला शेठ सांगेल तो भाव.

तेव्हा जमिनीची मागणी म्हणजे मजुरीचीच मागणी आहे, हे ध्यानात घ्या. चाकरमानी आपला वैरी नाही. तोही उपाशीच परतलाय. त्याला सोबत घ्या.

कामाचं सांगतो. ३१ मार्च १९७८ च्या आधीपासूनची जंगलातली कसणूक कायम करायचा सरकारी ठराव झालेला आहे. जंगलखात्याच्या दंडाच्या पावत्या फेकू नका, तोच आपला पुरावा. तलाठी पीकपाहणीला येईल तेव्हा शेतावर हजर राहा आणि कसणाऱ्याचं नाव लिहून घ्या. अर्जावर बाईचं नाव नवऱ्याच्या बरोबरीनं घाला. भट्टीवर जायच्या आधी सगळ्या वाडीचे अर्ज एकदम द्यायचे. एकट्यानं जायचं नाही.

जिंदाबाद!