लेकराला विचारा, आणि मग ऐका

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या सदस्यांसाठी इथे देत आहोत.)



बँक जोडणीचा विषय लांबला, सगळ्यांना भूक लागलीय, हे मला दिसतंय. पण अजेंड्यावर सातवा विषय ‘मुलांचं शिक्षण’ हा आहे आणि तो आपण दर महिन्याला ‘पुढील सभेत घेऊ’ म्हणून ढकलतो. आज घेऊ.

दशसूत्रीत शिक्षण आहे. आपण त्याचा अर्थ काय लावतो? नाव शाळेत आहे का, गणवेश मिळाला का, हजेरी लागते का. ते पाहिजेच. पण मी आज त्याच्या पलीकडच्या दोन गोष्टींवर बोलणार आहे. आपल्या लेकराला स्वतःचा निर्णय घेता येतो का? आणि आपल्या बाबतीत काय घडलं, ते त्याला नीट सांगता येतं का? मी बोलतेय ते चौथी ते सातवीच्या लेकरांबद्दल. या वयात लेकरू दोन गोष्टी शेजारी ठेवून बघू शकतं, ‘असं केलं तर पुढं काय होईल’ हे ओळखू शकतं, आणि मुख्य म्हणजे अजून आईजवळ येऊन बसतं. चौदा-पंधरा वर्षांचं झालं की दार लावून घेतं, मग आपण दारावर थापा मारत बसतो.

मला अजून लेकरू नाही, लग्नच नाही, त्यामुळं ‘हिला काय कळतंय’ असं कुणाच्या मनात आलं असेल तर चुकीचं नाही. मी पुस्तकातलं थोडं सांगणार आहे आणि तुमच्याच गावात बघितलेलं जास्त.

आधी तुमच्याबद्दल बोलते. तुमच्या गटाची पहिली बैठक आठवा. ‘ताई, तुम्ही म्हणाल तसं’, एवढंच सगळ्या बोलायच्या. आज त्याच ताया बँकेच्या साहेबाला विचारतात, व्याज कसं लावलं ते कागदावर दाखवा. हे भाषण ऐकून नाही झालं. पहिल्यांदा पाचशे रुपयांचं अंतर्गत कर्ज कुणाला द्यायचं, हे तुम्ही ठरवलं. कुणाचं थकलं, भांडण झालं, पुढच्या वेळी नियम केला. छोटी रक्कम, खरा पैसा, खरा परिणाम, आणि नंतर सगळ्यांसमोर हिशोब. तुम्ही तिशी-चाळिशीत शिकलात ते लेकरू दहाव्या वर्षी शिकू शकतं. रीत तीच आहे.

आमच्या एका गावात गटातल्या ताईनं अकरा वर्षांच्या मुलाला एक गावरान कोंबडी दिली. तुझी म्हणाली, हिशोब तुझा. कोंबडी खुडूक बसली तेव्हा घरात नऊ अंडी होती. पोराला ती विकायची होती. अंडं बारा रुपयांना जात होतं, म्हणजे एकशे आठ रुपये, आणि त्याला क्रिकेटचा बॉल पाहिजे होता. ताईनं ‘वेडा आहेस का, बसव’ असं म्हटलं नाही. तिनं विचारलं, “विकलीस तर काय? बसवलीस तर काय? आणि बसवून बिघडलं तर काय?” पोरगं दोन दिवस विचार करत होतं. एकवीस दिवस थांबावं लागणार, पिल्लं सांभाळावी लागणार, सगळी निघतीलच असं नाही. शेवटी त्यानं दोन अंडी विकली आणि सात बसवली. हा तिसरा रस्ता आईलाही सुचला नव्हता.

पाच पिल्लं निघाली. पुढच्याच आठवड्यात रात्री मांजरानं दोन नेली. आता बघा, इथं आपण काय म्हणतो? ‘तरी तुला सांगत होते.’ ती ताई मला म्हणाली, माझ्या ओठावर आलं होतं, पण गिळलं, आणि विचारलं, “मग? कसं झालं?” पोरानं सगळं सांगितलं. पाऊस आला, घाईत डालगं झाकलं, वर दगड ठेवायचा राहिला. त्याची चूक त्याच्याच तोंडून आली, तिला काढावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी डालग्यावर दोन विटा होत्या. मी त्या घरी गेले तेव्हा त्यानं हीच गोष्ट मला वीस मिनिटं सांगितली, मांजराच्या आवाजासकट. गुरुजी म्हणतात, हा पोरगा वर्गात तोंड उघडत नाही.

म्हणून मी या दोन गोष्टी वेगळ्या धरत नाही. निर्णय घेतला आणि नंतर कुणाला सांगितलाच नाही, तर तो नोंदवहीत न लिहिलेल्या व्यवहारासारखा. पुढच्या वेळी उपयोगाला येत नाही.

आता कोणता निर्णय लेकराचा आणि कोणता आपला? इथं दोन्हीकडून गडबड होते. शाळेत जायचं की नाही, हे लेकरानं ठरवायचं नाही. ताप आल्यावर गोळी घ्यायची की नाही, हेही नाही. आणि आई-बापाच्या भांडणात ‘सांग, तू कुणाच्या बाजूनं’ हे तर कधीच नाही, ते ओझं त्या वयाच्या खांद्याला पेलत नाही. पण जत्रेतल्या पन्नास रुपयांचं काय करायचं, अभ्यास आधी की खेळ आधी, मामाच्या गावाला कोणते कपडे न्यायचे, भावाशी भांडण झालं तर कसं मिटवायचं, हे त्याचं. पन्नास रुपये पहिल्याच दुकानात संपले तर संपू द्या. गुपचूप वरून वीस दिले की धडा वाया गेला.

आणि विचारायचं असेल तरच विचारा. आपण विचारतो, ‘कोणता फ्रॉक घेऊ?’ पोरगी निळा म्हणते आणि आपण लाल घेऊन येतो. ‘यातला एक सांग, हा किंवा हा’ असं विचारलं तरी चालतं. पण तिनं सांगितलं की तोच घ्यायचा. दोनदा असं फसवलं की तिसऱ्या वेळी ती म्हणते, ‘तुला पाहिजे तो घे.’ मग आपण तक्रार करतो, हिला काही ठरवताच येत नाही.

मोठे निर्णय आपलेच, पण त्यात लेकराचं म्हणणं आलं पाहिजे. आपल्या देशानं १९९२ साली मान्य केलेल्या बालहक्क करारात कलम १२ हेच सांगतं: जे लेकराच्या बाबतीत ठरतंय, त्यात त्याला मत मांडू द्या आणि वयाप्रमाणे त्या मताला वजन द्या. आपल्याकडं याचं सगळ्यात मोठं उदाहरण डोळ्यासमोर आहे. दिवाळीच्या आसपास निम्मं गाव कोयत्यावर जातं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती परत करायची की नाही हा प्रश्न दहा वर्षांच्या पोरीपुढं ठेवून काय उपयोग? पण ती आजीजवळ राहणार, हंगामी वसतिगृहात राहणार की फडावर कोपीत येणार, हे तिला निघायच्या आदल्या रात्री कळतं. सकाळी ट्रॅक्टर उभा असतो आणि पोरगी उंबऱ्यावर रडत असते.

महिनाभर आधी सांगा. खरं सांगा, किती महिने, कुठल्या भागात. तिला विचारा, भीती कशाची वाटते. एका पोरीनं सांगितलं, “आजीकडं राहीन, पण रात्री संडासला कोण येणार?” आई-बापाच्या डोक्यात हा प्रश्नच नव्हता. शेजारच्या काकूला सांगून ठेवलं. फोन कोणत्या वारी करायचा ते पोरीनंच ठरवलं. एवढ्यावर ती राहिली आणि तिची शाळा तुटली नाही. पोरगी शाळेत टिकली की पुढचं किती टळतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. लग्नाचं वय कायद्यानं अठरा आहे, पण ज्या पोरीला जन्मात कुणी काही विचारलं नाही, ती पंधराव्या वर्षी पाहुण्यांसमोर ‘मला शिकायचंय’ हे वाक्य कुठून आणणार?

आता सांगण्याबद्दल. ‘आज शाळेत काय झालं?’ ‘काही नाही.’ हे सगळ्या घरात आहे ना? प्रश्नच एवढा मोठा आहे की लेकराला तोंड कुठं उघडायचं ते कळत नाही. त्यापेक्षा ‘आज मधल्या सुट्टीत कुणाबरोबर बसलास?’ असं विचारा. मग ‘पुढं काय झालं?’, ‘तू काय केलंस?’, ‘तेव्हा मनात काय आलं?’ आणि मधे तोडू नका. भाकरी थापताना हात कामात असतात, डोळे तव्यावर असतात, लेकराला ती वेळ बोलायला सोपी जाते. समोर बसवून चौकशी केली की ते गप्प होतं.

आधी तुमची गोष्ट सांगा. ‘मी तुझ्याएवढी होते तेव्हा विहिरीत कळशी पडली आणि मी घरी खोटं बोलले.’ फक्त कष्टाच्या आणि शहाणपणाच्या गोष्टी नकोत, फजितीच्याही सांगा. तांड्यावरच्या तायांना मुद्दाम सांगते, लेकराला गोरमाटीत सांगू द्या. ‘शुद्ध बोल’ म्हटलं की गोष्ट तिथंच थांबते. शुद्ध भाषा शाळा शिकवेल.

मुक्ता साळवे तुम्हाला माहीत असेल. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी, चौदा-एक वर्षांची, मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिनं आपल्या मांग-महार लोकांचं दुःख निबंधात लिहिलं आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आजही लोक तो वाचतात. शाळेत जाऊन तिला तीनच वर्षं झाली होती. पण आपल्या माणसांवर काय गुदरतं हे सांगण्यासारखं आहे आणि ते कुणीतरी ऐकून घेईल, एवढा विश्वास तिला त्या शाळेनं दिला होता.

थोडं अवघड बोलते. ज्या लेकराला रोजचं सांगायची सवय आहे, ते वाईट घडलं तरी सांगतं. ज्याला ‘गप बस, कामात आहे’ एवढंच ऐकायला मिळतं, ते अंगाला नको तसा हात लावणाऱ्या माणसाबद्दल सांगत नाही, आणि तो माणूस बहुतेक ओळखीचाच असतो. लेकरानं असं काही सांगितलं तर ‘खोटं बोलू नको’ म्हणू नका. ‘मला सांगितलंस, चांगलं केलंस, तुझी काही चूक नाही’ एवढं आधी म्हणा. दहा जणांसमोर पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. १०९८ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो. कायदा आपल्या बाजूनं आहे, २०१२ चा पोक्सो, अठरा वर्षांखालच्या प्रत्येक लेकरासाठी, मुलासाठीसुद्धा.

आणि लेकराची गोष्ट लेकराची. त्यानं रात्री अंथरूण ओलं केलं, हे पाणवठ्यावर सांगून हसायचं नाही. स्टेटसला त्याचा रडतानाचा व्हिडिओ ठेवायचा नाही. एकदा असं झालं की ते पुढं काही सांगत नाही.

ग्रामसंघ म्हणून एक करता येईल. महिन्यातून एका रविवारी चौथी ते सातवीच्या लेकरांची बैठक. गोलात बसतील, अध्यक्ष दर वेळी वेगळा, इतिवृत्त तीच लिहितील. एका गावात ग्रामसंघानं लेकरांना तीनशे रुपये देऊन सांगितलं, खेळायचं काहीतरी तुम्हीच ठरवा. पोरं म्हणाली बॉल. एक पोरगी उठून म्हणाली, “बॉल आला की ग्राउंड तुमचं होतं, आम्ही कडेला.” बराच वेळ वाद झाला. शेवटी दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि एक रिंग आली. मोठ्या ताया मागं बसल्या होत्या, त्यांना सांगितलं होतं की मधे बोलायचं नाही. लई अवघड गेलं त्यांना!

(भाषणानंतर एका मावशींनी विचारलं: “बाई, घरात माझंच कुणी विचारत नाही. मी लेकराला काय विचारू?”)

मावशी, हा प्रश्न माझ्या भाषणापेक्षा मोठा आहे. घरातलं सगळं तुमच्या हातात नाही, मान्य. जमीन, उचल, पोरीचं स्थळ, यात तुम्हाला कुणी विचारत नसेल. पण चुलीपुढची अर्धा घंटा तुमची आहे. गटातून घेतलेल्या शेळीचा हिशोब तुमचा आहे, त्यात नातीला बसवा, ‘बोकड आत्ता विकू की ईदला?’ विचारा. ती काय म्हणाली ते पुढच्या सभेत मला सांगा. सातवा विषय तेव्हा पहिला घेऊ, जेवणाआधी.